फिट्टंफाट

"बाबा, तुम्ही आजवर मत कुणाला दिलंत?"

प्रश्न भिंगरीचा नव्हता. तो चष्मिस आणि लंबू या तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून शिजवलेला होता. सुट्टीच्या दिवशी, भरल्या दुकानात, मोठ्या आवाजात विचारून दाखव, नाहीतर परीक्षा संपेपर्यंत आमची दप्तरं उचल, अशी पैज लागली होती. भिंगरी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती, नुकतीच अठराची झाली होती, आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून आपल्याला कुणालाही काहीही विचारता येतं असं तिचं ठाम मत झालं होतं. एका जागी बसणं तिला कधीच जमलं नव्हतं, म्हणून तर घरात आणि दारात तिचं नाव भिंगरी पडलं होतं.

तर तिने विचारलं. आणि सलून एकदम गप्प झालं.

खुर्चीत औषधवाले काका होते, म्हणजे चष्मिसचे वडील. मान मागे टाकलेली, गळाभर फेस, आणि त्या फेसात बाबांचा वस्तरा अर्ध्या वाटेत थांबलेला. बाकावर वरचे दोघे आणि खालचे दोघे असे चारजण बसले होते. त्यांनी एकाच वेळी वर्तमानपत्रं तोंडासमोर धरली. खिडकीच्या बाहेर एक चष्मा आणि त्याच्यावर एक लांबडी मान दिसत होती, तीसुद्धा हलायची थांबली.

असं का झालं ते सांगायला हवं. ही वस्ती टेकडीच्या उतारावर आहे. वर राहतात ते वरचे, खाली राहतात ते खालचे, आणि दोघांच्या मध्ये नुसत्या पायऱ्या. वरच्यांना पायऱ्या फोडून गाडीरस्ता हवा. खालच्यांना पायऱ्या आहेत तशाच हव्यात, कारण रस्ता झाला की सगळे ट्रक त्यांच्या दारातून धडधडत जाणार. हे भांडण इतकं जुनं आहे की ते कुणी सुरू केलं यावरही भांडण आहे. प्रत्येक निवडणुकीला वरच्यांचा एक उमेदवार असतो आणि खालच्यांचा एक, बाकी चिन्हं आणि घोषणा नुसत्या चवीपुरत्या.

आणि पायऱ्यांच्या बरोबर मध्यावर, जिथे चढणारा प्रत्येक जण दम खायला थांबतो, तिथे बाबांचं सलून. त्याआधी ते आजोबांचं होतं. आजोबांच्या काळात एकदा मतदानाच्या दिवशी दगडफेक झाली आणि सलूनचा मोठा आरसा फुटला. दगड वरून आला की खालून आला, यावर आजही दोन मतं आहेत. पुढच्या निवडणुकीच्या दिवशी आजोबांनी सगळ्यांत भांडखोर अशा दोघांना, एका वरच्याला आणि एका खालच्याला, शेजारी शेजारी बसवलं, दोघांच्या तोंडाला फेस फासला आणि म्हणाले, तू जाऊन याचं मत खाणार, हा जाऊन तुझं खाणार, मग एवढं ऊन डोक्यावर घेता कशाला, बसा इथेच, फिट्टंफाट. दोघे बसले. संध्याकाळपर्यंत कॅरम खेळले. डोकं एकही फुटलं नाही.

तेव्हापासून प्रथाच पडली. निवडणूक आली की प्रत्येक जण समोरच्या बाजूचा आपल्या तोडीचा माणूस गाठतो आणि फिट्टंफाट करतो. मतदानाच्या दिवशी दोघांनी एकमेकांच्या नजरेसमोर राहायचं, एवढाच नियम. कुणी पत्ते खेळतं, कुणी मिळून गच्ची धुतं, एका जोडीने तर एकदा अख्खं कपाट खोलून पुन्हा जोडलं होतं. ज्यांच्या जोड्या जमत नाहीत त्यांच्या जोड्या बाबा जमवतात. लग्न जमवणाऱ्याच्या ऐटीत. आणि मत द्यायला जातात ते फक्त उरलेले: नवे भाडेकरू, ज्यांच्याशी कुणाचं पटत नाही असे खडूस, आणि दोन-चार विसरभोळे. एकदा शहरातून एक वार्ताहर आला आणि सगळ्यांत कमी मतदान इथे होतं, इथले लोक उदासीन आहेत, असं छापून मोकळा झाला. उदासीन म्हणे. त्या लेखावरून सलूनमध्ये दोन दिवस नुसती जुंपली होती.

एवढं सगळं ठीक. पण कोण कुणाला मत देतं हे इथे कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्यांना माहीतच असतं, म्हणून.

बाबांनी वस्तरा उचलला, टॉवेलला पुसला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "कुणालाच नाही. तुझ्या आईशी लग्नाआधीपासून फिट्टंफाट आहे."

आई खालची. बाबा वरचे. भिंगरीला हे माहीत होतं, पण असं एका वाक्यात तिने ते कधी ऐकलं नव्हतं. केस पांढरे व्हायला लागलेला हा माणूस, रोज दहा जणांशी राजकारणावर हुज्जत घालणारा, आणि याने जन्मात एकदाही मत दिलेलं नाही.

"आणि विषय निघालाच आहे तर," बाबा पुढे म्हणाले, "तुझंही जमवलंय. औषधवाल्यांच्या पोरीशी. ती खालची, तू वरची, दोघी एकाच वयाच्या, पहिलंच मत, शोभून दिसाल."

औषधवाले काका फेसातून गालातल्या गालात हसले. खिडकीतला चष्मा खाली गेला.

पैज जिंकून भिंगरी बाहेर आली तेव्हा मैत्रिणींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. लंबू म्हणाली, बरं झालं, मतदानाच्या रविवारी तिघी मिळून सिनेमा बघू, मला तर अजून अठराही पूर्ण नाहीत. चष्मिसला हे दोन दिवसांपासून ठाऊक होतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात, असं ती चष्मा पुसत म्हणाली. भिंगरी तडक पायऱ्या उतरायला लागली, आणि दोघी तिच्याकडे बघतच राहिल्या.

पुढचे दिवस तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. वर्गात पाय हलवून हलवून तिने बाकाचा खिळा ढिला केला. राग कसला आला होता हे तिला नीट सांगता येत नव्हतं. प्रथा वाईट आहे असंही म्हणवेना. दगड लागून डोकी फुटण्यापेक्षा कॅरम केव्हाही बरा. पण मत तिचं होतं. अजून वापरलंही नव्हतं, घडीसुद्धा मोडली नव्हती, आणि बाबांनी ते परस्पर देऊन टाकलं होतं. न विचारता.

आई ड्रायव्हिंग शिकवते. तिच्या गाडीला दोन्हीकडे ब्रेक आहेत, त्यामुळे ती कुणाच्याही शेजारी निर्धास्त बसते. संध्याकाळी शेवटचा शिकाऊ उतरला की भिंगरीची पाळी. त्या संध्याकाळी तिने गाडी खालच्या रस्त्यावर इतक्या जोरात काढली की आईने आपल्या बाजूचा ब्रेक दाबून गाडी जागच्या जागी उभी केली.

"क्लचवर राग काढू नकोस," आई म्हणाली. "माझ्यावर काढ, मी दुरुस्त करायला स्वस्त पडते."

मग भिंगरीने सगळं ओकून टाकलं. बाबांनी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस, आणि तुला कधी वाटलं नाही का गं, की जावं, द्यावं एकदा, खालच्यांना जिंकवावं.

आईने हँडब्रेक ओढला. समोरच्या काचेतून पायऱ्या दिसत होत्या, वरपर्यंत, संध्याकाळचे लोक वाकून चढताना. त्यांच्याकडे बघत तिने आत्याची गोष्ट काढली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, अगदी वरच्या टोकाला एकटी राहणारी. तिचे गुडघे गेले तेव्हा तिला डॉक्टरांकडे न्यायला चौघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं होतं. भिंगरी तेव्हा शाळेच्या सहलीला गेली होती, तिने ते पाहिलेलं नव्हतं. आत्या म्हणे सबंध वाट डोळे मिटून होती. पडायच्या भीतीने नाही. लोक बघतात म्हणून. खाली टेकल्यावर तिने डोळे उघडले, खुर्ची उचलणाऱ्यांना हात जोडले आणि आईला हळूच म्हणाली, आता मला पुन्हा उतरवू नकोस, मी वरच बरी. तेव्हापासून ती उतरलेली नाही.

"मी त्याच दिवशी ठरवलं, रस्ता झाला पाहिजे," आई म्हणाली. "माझ्या माहेरच्या दारातून ट्रक जाऊ देत खुशाल. पण हे माझ्या माहेरी कळलं तर मला उंबरा चढू देणार नाहीत. त्यामुळे गाडीतलं गाडीत ठेव."

म्हणजे तू वरच्यांची झालीस, भिंगरी म्हणाली. मग बाबांना सांग की, दोघांचं एकच मत झालं, दोघे जा. आईने मान हलवली. बाबांना सांगितलं की त्यांच्या तोंडावर जे हसू येईल ते बघायची तिची तयारी नव्हती. इतकी वर्षं वाद घालून शेवटी हरले म्हणायचं का मी, असं म्हणून तिने गाडी चालू करायला लावली. आणि या वेळी क्लच हळू सोड, हेही सांगितलं.

भिंगरीच्या डोक्यात आता नवीनच चक्र सुरू झालं. आई वरच्यांची, बाबा वरचे, मग ही फिट्टंफाट कसली, हा तर सरळसरळ तोटा. आईने गाडीतलं गाडीत ठेवायला सांगितलं होतं, पण बाबांना दुसऱ्या वाटेने डिवचायला काय हरकत आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी दुकान बंद करायच्या वेळी ती झाडू घेऊन हजर झाली. बाबा चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासत होते. ती केस गोळा करत करत कोपऱ्यापर्यंत आली आणि भिंतीलगतचा बाक ओढला.

हा बाक पूर्वी दाराजवळ होता. बाबांनी गेल्या वर्षी उगाचच जागा बदलली होती, उजेड चांगला येतो म्हणून. बाकाच्या मागे भिंतीवर लाल रंगाची जाड फुली होती आणि तिच्यातून निघालेला बाण फरशीवर उतरून थेट समोरच्या भिंतीकडे रोखलेला होता. आरशाच्या मधोमध.

पट्ट्यावरचा आवाज थांबला.

मग बाबांनी सांगितलं. रस्त्याची मोजणी करणारे आले तेव्हा दुपारची वेळ होती आणि दुकानात बाबा एकटेच होते. वरच्यांचा उमेदवार सगळ्यांना सांगतो की रस्ता सलूनच्या कडेने जाणार. नकाशात तो आतून जातो. त्यांनी बाबांना खालच्या बाजारात एक चांगला गाळा देऊ असंही म्हटलं होतं, पंखे-बिंखे लावून.

"गाळा चांगला आहे गं," बाबा म्हणाले. "पण खाली गेलो की मी खालच्यांचा न्हावी. वर गेलो की वरच्यांचा. इथे मध्ये बसलोय म्हणून दोघं येतात आणि एकमेकांशी बोलतात. मला विचारशील तर पायऱ्या राहाव्यात."

मग आईला सांगा की, भिंगरी म्हणाली, आणि म्हणताना तिच्या लक्षात आलं की आपण हे दुसऱ्यांदा म्हणतोय.

बाबांनी वस्तरा मिटला. "तुझ्या आईला सांगितलं की ताईला कळणार. तिचे गुडघे तसे, आणि तिचा सख्खा भाऊ म्हणतो पायऱ्या ठेवा. मी काय तोंड दाखवू तिला?" त्यांनी बाक स्वतः ढकलून पुन्हा जागेवर नेला. "म्हणून म्हणतो, फिट्टंफाट बरी असते. कुणाला काही सांगावं लागत नाही."

भिंगरी बाहेर पायरीवर येऊन बसली, आणि आधी तिला हसूच आलं. पोट धरून हसली ती. वरचे बाबा खालचे झाले होते, खालची आई वरची झाली होती, दोघं आपापल्या कारणाने हळूच पलीकडे सरकले होते आणि हिशेब होता तसाच फिट्टंफाट. चढणाऱ्या एका बाईने थांबून, बरी आहेस ना, असंही विचारलं. मग हसू ओसरलं आणि तिला बसवेना. ती उठून चार पायऱ्या वर गेली, पुन्हा खाली आली, पुन्हा वर गेली. एका ताटात जेवावं इतकी जवळची ही दोन माणसं, आणि आपल्याला काय हवंय हे इतक्या वर्षांत एकदाही एकमेकांना म्हणाली नाहीत. गरजच पडली नाही. न जाण्याची इतकी छान सोय झाली होती की म्हणायचं काही राहिलंच नाही. आणि आता रविवारपासून तीही त्यात जाऊन बसणार होती, चष्मिसच्या शेजारी, मऊ गादीवर, सिनेमा बघत.

पाय आपोआप वर निघाले ते आत्याच्या दारापर्यंत.

आत्या खिडकीत बसून कुणाचा तरी स्वेटर उसवत होती. तिला लोकर लागली की ती जुने स्वेटर मागून घेते, मागते म्हणजे खिडकीतून ओरडून. भिंगरीने लोकरीचं एक टोक धरलं, आणि हात गुंतल्यावर तिला जरा बरं वाटलं. तिने आई-बाबांचं काही सांगितलं नाही, फक्त चष्मिसशी जमवलेल्या जोडीचं सांगितलं. आत्या म्हणाली की तिचीही जोडी होती, खालच्या शाळेतली एक शिक्षिका. दर निवडणुकीला दोघी याच खिडकीत बसून विणायच्या. शिक्षिका गेली. त्यानंतर बाबांनी आत्यासाठी कुणाला शोधलंच नाही, कारण ती तशीही उतरणार नव्हती.

"मी एकटीच अशी सुटी राहिले," आत्या म्हणाली. "मला मत द्यायला कुणाची आडकाठी नाही, आणि नेणारंही कुणी नाही."

तुला जायचंय का, असं भिंगरीने विचारलं. आत्याने लोकरीवरून नजर काढली नाही. खुर्चीत बसवून नेतात तेव्हा डोळे मिटावे लागतात, असं ती म्हणाली, पण कशासाठी जातोय ते आपल्याला माहीत असेल तर कदाचित उघडे ठेवता येतील. मग भिंगरीने, पैजेशिवाय, स्वतःच्या मनाने, तोच प्रश्न पुन्हा विचारला. कुणाला देशील?

"तुला का सांगू? माझ्याकडे सगळं दुसऱ्यांनी आणून दिलेलं आहे गं, दूध, औषधं, बातम्या. एवढं एक माझं असू दे."

भिंगरी पायऱ्या उतरली ती दोन-दोन करत. सलूनवरून जाताना तिने आत पाहिलं नाही. औषधांच्या दुकानामागच्या खोलीत चष्मिस गृहपाठ करत बसली होती. जोडी मोडायची तर समोरच्याला आधी तोंडावर सांगायचं, हाही नियम होता, फक्त तो कुणी वापरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भिंगरीने सांगितलं. चष्मिसने पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडे असं पाहिलं जणू भिंगरीने तिच्या पायावर शाईची बाटली पाडली. तू गेलीस तर मला जावं लागेल, ती म्हणाली, नाहीतर आमच्याकडचं एक मत कमी पडेल, बाबा मला झोपू देणार नाहीत, आणि सिनेमाचं काय. भिंगरी म्हणाली, सिनेमा दुपारी. आणि येणारच आहेस तर आत्याची खुर्ची एका बाजूने धर. दुसरी बाजू मी. मागून लंबू, तिची उंची कधीतरी कामाला येऊ दे.

"तुझी आत्या वरच्यांना देणार," चष्मिस म्हणाली. "मी तिला उचलून न्यायचं, आणि ती माझंच मत खाणार?"

"देईलही. नाहीही. मला माहीत नाही." हे म्हणताना भिंगरीला स्वतःचंच नवल वाटलं, कारण माहीत नाही हे दोन शब्द तिने भाषणात कधी वापरले नव्हते.

चष्मिसने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढ्या वेळात तिने बरंच काही ठरवलं असावं, कारण मग तिने फक्त एवढंच विचारलं की खुर्ची लाकडी आहे की लोखंडी.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी घरात नेहमीची तयारी चालली होती. बाबांनी कॅरमबोर्ड काढून त्याला पावडर लावली होती. सलून उद्या दिवसभर जोड्यांनी भरणार होतं. आई सोंगट्या मोजत होती आणि राणी दर वेळेसारखीच हरवली होती. दोघं सोफ्याखाली वाकून ती शोधत होते, आणि तुम्हीच हरवली, नाही तूच हरवलीस, असा जुना वाद रंगात आला होता. ते इतके सुखात दिसत होते की भिंगरी दारातच अडखळली. वक्तृत्वातलं एकही वाक्य आठवेना. पायही, पहिल्यांदाच, हलत नव्हते.

बाबांना आधी दिसली ती. उद्या तू आणि चष्मिस दुकानात बसणार की तिच्या घरी, असं त्यांनी सोफ्याखालूनच विचारलं.

"कुठेच नाही," भिंगरी म्हणाली. "मी जोडी मोडली. तिला तोंडावर सांगून मोडली, नियमाने. उद्या सकाळी आम्ही आत्याला खुर्चीत बसवून खाली नेणार आहोत. ती मत देणार, आणि मीही देणार."

आई उठून उभी राहिली. बाबा गुडघ्यांवरच राहिले. दोघांनी आधी तिच्याकडे पाहिलं आणि मग, कधी नव्हे ते, एकमेकांकडे. बाबांनी केसांत हात फिरवला.

"कुणाला?" शेवटी बाबांनीच विचारलं.

"आत्याचं मला माहीत नाही, ती सांगत नाही. माझंही अजून ठरलेलं नाही, ते रांगेत ठरेल. आणि ठरलं तरी तुम्हाला सांगणार नाही, तुमचं एकमेकांना सांगून होईपर्यंत." तिने एक पाऊल पुढे टाकलं तेव्हा चपलेखाली काहीतरी टणक लागलं. तिने वाकून राणी उचलली आणि बोर्डाच्या मधोमध ठेवली. "खुर्चीला चौथा हात लागणार आहे. ज्याला यायचं त्याने सकाळी लवकर उठावं."